बेरीचा बिल्ला

झोन कार्यालयात पंख्याखाली बसलेल्या मुलीनं विचारलं,
डॉग का नाम?
मी म्हणालो, बेरी.
लोणी कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहते ना, ती.
करपायच्या एक क्षण आधीचा जो रंग,
तोच हिचा.
तिनं सगळं ऐकून घेतलं
आणि लिहिलं : बैरी.

तेव्हापासून महापालिकेच्या दप्तरी
माझ्या घरात एक वैरी राहतो.
मादी, वय अंदाजे चार, जात देशी,
रेबीजची लस टोचलेली,
शुल्क भरलेलं, पावती जोडलेली.
दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज आहे म्हणे,
बुधवारी, दुसऱ्या मजल्यावर.
राहू दे म्हटलं.

पत्र्याचा बिल्ला मिळाला.
चालताना साखळीच्या कडीवर वाजतो,
आणि रामबागेतली जुनी मंडळी
दुधाच्या पिशवीसह वळून बघतात
कोण आलं एवढं नोंदणीकृत.

सोबत एक कागद, नियमांचा.
पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नये.
चावल्यास जबाबदारी मालकाची.
हे दुसरं मला पाठ करावं लागलं नाही.
एकतीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले मी.
फाटकाबाहेर उभं राहून
‘बंधा है क्या?’ असं ओरडणं
हे माझ्या नोकरीचं पहिलं वाक्य,
आणि ‘आ जाओ भिया, कुछ नहीं करता’
हे या शहराचं उत्तर.
त्या काही न करणाऱ्याचे चार दात
अजून आहेत माझ्या डाव्या पोटरीवर.
स्नेहलतागंज, एका डॉक्टरांचं घर.
चौदा इंजेक्शनं, तेव्हा पोटात देत.
डॉक्टरांनी चहा विचारला होता.
रीडिंग मी बरोबर घेतलं होतं,
दोनशे बारा युनिट.

अडलो तिसऱ्यापाशी.
विष्ठा मालकाने स्वतः उचलावी.
स्वतः या शब्दाखाली
कुणीतरी पेनानं रेघ मारून दिली होती.
प्रमिला पोहे परतता परतता म्हणाली,
पोरांचं तरी कधी काढलंत?
आणि गॅस बारीक केला,
म्हणजे मला उत्तर द्यायला वेळ मिळावा.
मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला निघालो.
खिशात जिरावणाची रिकामी पिशवी,
हातात कालचा पेपर, त्यातलं वधू-वर पान,
कारण त्यात आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं.
बेरी वास घेत, फिरत, ठरवत,
विजेच्या खांबापाशी बसली.
मी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं.
चोरी करायला निघाल्यासारखा.
श्वास धरला, वाकलो,
कागदातून ते हाताला लागलं,
ऊबदार.
एवढं जिवंत काही
किती वर्षांत हातात घेतलं नव्हतं
हा विचार आला, आणि लाजही.

उठलो तर समोर सुगनाबाई.
पिवळं जॅकेट, उंच झाडू, तोंडावर ओढणी.
नाव जॅकेटवरच्या पट्टीवर होतं,
रोज असणार.
तिनं झाडायचं थांबवलं होतं.
वाटलं, हसेल. किंवा शाबास म्हणेल.
काय म्हणते त्याची वाटच पाहत होतो, खरं सांगायचं तर,
गाठ मारलेली पिशवी
जरा दिसेल अशी धरून.

ती म्हणाली,
ये वाली रोज इसी खंभे पे करती है.
मग झाडूचा दांडा उचलून
खांबाच्या मागे दाखवलं :
वो भी इसी का है. कल का.

बिल्ला वाजला एकदा.
बेरी माझ्याकडे बघत होती,
सुगनाबाईही.
पेपरचं एक पान उरलं होतं,
मी परत वाकलो.