एक फेटा कमी

एकशे चाळीस फेट्यांची ऑर्डर होती.
मनामाच्या जुन्या बाजारात माझं शिलाईचं दुकान,
फेटे बांधणं हा जोडधंदा: लग्नं, गणपती,
वर्षातून एखादा पुढारी.
खानविलकर शेठ फोनवर म्हणाले,
रंग पक्षाचा नको, पण जवळपासचा घे.

सलमाबादच्या कॅम्पवरून तीन बस भरून माणसं आली.
पाच महिने पगार नाही,
पण कंपनीच्या शर्टांना इस्त्री.
मराठी सव्वीस. बाकी सिवानचे, करीमनगरचे, दोघे नेपाळी.
सगळ्यांकडून बसमध्येच पाठ करून घेतलं होतं
कुठल्या शब्दाला टाळी.

फेटा बांधताना डोकं हातात येतं.
मग माणसाला काही लपवता येत नाही.
कुणाच्या कानशिलाशी टाके,
कुणाच्या टाळूची कातडी सोललेली,
एकाचं कपाळ तव्यासारखं.
मी म्हटलं, पड जाऊन बसमध्ये.
तो म्हणाला, नको, दिवस कापतील.
पगारच नाही, तर दिवस कशातून कापणार,
हे मी मनातच विचारलं.
माझंही मागचं बिल बाकी होतं.

हॉटेलचा हॉल इतका गार
की उन्हाची सवय असलेली माणसं आखडून बसली.
पडद्यावर शेठ: शाळेला बस देताना,
देवळाला कळस देताना, रक्तदानाच्या खाटेवर.
पक्षाला देतात त्याचा फोटो नव्हता.
त्याला फोटो लागत नाही.
पुढारी म्हणाले, सातासमुद्रापार
मराठी माणसाचा फेटा ताठ आहे!
करीमनगरच्या पोरांनी बरोबर जागी टाळ्या दिल्या.

तेवढ्यात मागून भिकाजी घडशी उठला.
साहेब,
हे मोठ्यानं.
आमचा पगार,
हे बारीक.

शेठ चिडले नाहीत. त्यांना चिडावं लागत नाही.
माईक जवळ ओढून, हसून म्हणाले,
घडशी, तुझ्याच भावाची ना रे टपरी,
देवरुखला, स्टँडासमोर?
भजी झकास असतात.
चालू दे, चालू दे.
हॉल हसला. पुढारीही हसले.
त्यांच्या मागे बसलेल्या माणसानं
खिशातून पेन काढलं.

रविवारी टपरी गेली. अतिक्रमण.
रांगेत अकरा टपऱ्या, दहा शाबूत.
भावानं फोटो पाठवला,
कढई पालथी, तेल मातीत.
इकडे घडशी फरार असल्याचा अर्ज गेला;
खोली सतरामध्ये, खालच्या खाटेवर
झोपलेला माणूस फरार.
पुढं मुकादमानं त्याला जिन्यात गाठलं.
रजिस्टरात 'पाय घसरला' असं आहे.

कापड कंपनीचं, फेटे मोजून परत द्यायचे.
एकशे एकोणचाळीस भरले.
मॅनेजर म्हणाला, एकाचे साडेतीन दिनार
तुझ्या बिलातून वळते करतो.
म्हणून मी कॅम्पवर गेलो.
घडशीसाठी नाही, खोटं कशाला बोलू,
साडेतीन दिनारसाठी.

तो बसून होता, डावा हात गळ्यात,
आणि हात फेट्यात.
सगळं कापड फिरवून फिरवून केलेली झोळी,
कोपराशी जरीचा काठ,
चुण्या मी घालतो तशाच, जरा वेड्यावाकड्या.
कुणी बांधली?
नेपाळी पोरानं बोट वर केलं, शाळेत करतात तसं.
त्या दिवशी तुमचा हात बघून ठेवला होता, म्हणाला.

गाठ सैल होती.
मी खाली बसलो, सोडली,
टोक दातात धरून पुन्हा बांधली.
घडशी म्हणाला, चहा घेणार? साखर नाही.

बिलावर लिहून दिलं: एक कमी, सापडला नाही.
साडेतीन दिनार त्यांनी कापले.
बाकीचे अजून द्यायचेत.