अख्खा, पाकळी, तुकडा

माझं काम काट्यावर.
सत्यभामा रेडकर डबा ठेवते, मी आकडा लिहिते:
अख्खा सहा किलो चारशे,
पाकळी वेगळी, तुकड्याला निम्मा दर.
तिच्या मागे एकोणीस बायकांची रांग
आणि बॉयलरचा करपट गोड वास,
जो वारा असला तर उभादांड्यापर्यंत जातो.

आमच्या डोंगरातली बी दोन महिने पुरते.
मग बोटीने पोती येतात,
तागाची, कोटोनूच्या शिक्क्याची.
शिक्क्यातलं एक गोल अक्षर दर पोत्यावर फुटकं;
तिकडे कुणीतरी एकच जुना साचा वापरत असणार.
हे कोटोनू कुठे आलं, इथे कुणी विचारत नाही,
जसं तिकडे वेंगुर्ला कुणी विचारत नसेल.

चीक मात्र दोन्हीकडचा एकच.
आधी बोटं काळी होतात, मग सालं निघतात,
मग गुळगुळीत.
जानेवारीत हजेरीचं यंत्र आलं.
सत्यभामाने अंगठा ठेवला. पुन्हा ठेवा, यंत्र म्हणालं.
पदराला पुसून ठेवला. पुन्हा ठेवा.
"माझो अंगठो खंय गेलो गो?" म्हणून ती हसली,
आणि बावीस वर्षांच्या अंगठ्याच्या जागी
मी वहीत एक तिरकी रेघ मारली.

मार्चमध्ये एक माणूस घड्याळ घेऊन आला.
मिनिटाला अकरा बिया, त्याने लिहून घेतलं.
"व्हिएतनामचं मशीन..." एवढं आमच्यासमोर बोलला,
उरलेलं वाक्य शेटच्या केबिनमध्ये.

दर रविवारी दिगूचा फोन येतो, रॉटरडॅमहून.
तिचा पुतण्या. आमच्याच बॉयलरवर होता.
आता तिथल्या गोदामात काजूचेच खोके हलवतो,
म्हणजे हलवतं यंत्र, हा बटण दाबतो.
काकी, तो म्हणाला, इथे मी घामत पण नाही,
आणि तासाला मिळतं ते तुझ्या तीन दिवसांचं.
हात तेच गं माझे.
पण वीज जात नाही, ट्रक वेळेवर येतो,
पाठीमागे सगळी भिंत उभी आहे, म्हणून हाताला भाव.
सत्यभामा थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, "मगे पगार हाताक गावता की भिंतीक?"
दिगूला रेंज नव्हती, किंवा उत्तर नव्हतं.

तो प्रश्न मी रात्री घरी नेला.
कारण भिंत तिकडची,
पण काटा इथला.
रिकामा असला तरी आमचा काटा चाळीस ग्रॅम दाखवतो.
शेट म्हणाले होते, पन्नास वजा कर.
दहा ग्रॅम.
वीस बायका, दिवसाला दोन डबे, माझी नऊ वर्षं.
गुणाकार मी अर्ध्यावर सोडला.
ते दहा ग्रॅम कोटोनूने नाही खाल्ले,
रॉटरडॅमनेही नाही.

मे महिन्यात पोती आली नाहीत.
तिकडे म्हणे त्यांनी स्वतःच कारखाना घातला,
बी आता बाहेर सोडत नाहीत.
सोमवारपासून आमच्या फाटकाला कुलूप.
बायका शिव्या घालत होत्या: शेटला, सरकारला,
त्या फुटक्या अक्षराच्या गावाला.

सत्यभामा पायरीवर बसून
राखेच्या डब्यात शेवटची बोटं घोळवत होती.
"थंय पण कोण तरी बसली असतली आता," ती म्हणाली,
"माझ्यासारखीच, पाय दुमडून, नवीन.
तिका कोणीतरी सांगूक व्हया.
पयली राख लाव. नखाच्या मुळाक लाव.
अंगठो सांभाळ."

आणि काट्याकडे बघत जा, बाई,
रिकामा असताना बघ.
हे सांगणं माझ्याकडे होतं.
मी वही मिटून
किल्ली शेटच्या हातात दिली.