नंबर टेकर

मे महिन्यात भुसावळच्या यार्डात
दुपारी तीनला रूळसुद्धा घामेजल्यासारखे दिसतात.
वडील तेव्हाही चालायचे,
कानावर खडू, बगलेत लांबोळकी वही,
एकेका वाघिणीपाशी थांबून नंबर उतरवत.
नोकरीचं नावच ते : नंबर टेकर.
हिलाल बोरसे, मूळ गाव पारोळ्याकडचं.

सुटीत मी त्यांची भाकर पोचवायला जायचे.
मला वाटायचं, वाघिणी वजनाने लावत असतील :
सिमेंटची जड म्हणून पुढे,
सावद्याच्या केळीची हलकी म्हणून मागे.
ते हसले.
वजन नको दखू, बेटा. नंबर दख.
वजन ते आज भरस, सकाय खाली होस.

कॉलेजात हेच वाक्य
मला रसायनाच्या पुस्तकात पुन्हा भेटलं.
माणसांना तिथवर यायला शंभर वर्षं लागली होती.

आधी कुणी तिघातिघांची घरं केली :
लिथियम, सोडियम, पोटॅशियम,
मधल्याचं वजन बरोबर दोघांच्या मधोमध.
कुणाला दर आठव्या जागी तोच सूर ऐकू आला,
खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत.
भर सभेत त्याला विचारलं गेलं,
अहो, बाराखडीने लावून पाहिलंत का?

मग तो रशियन.
म्हणतात, त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर नावं लिहिली,
पत्त्यांसारखी मांडली, मोडली, परत मांडली.
वजनाने लावता लावता एका ठिकाणी अडला.
टेल्युरियम जड, आयोडीन हलकं,
पण आयोडीनची भावकी क्लोरीनच्या घरात.
त्याने भावकी पाळली, जागा उलटवल्या,
म्हणाला, वजनच चुकलं असणार.

वजन चुकलं नव्हतं.
नंबर उतरवायला अजून कुणी आलं नव्हतं.
पुढे एक तरुण आला, क्ष-किरणांचा कंदील घेऊन,
एकेका मूलद्रव्यापाशी थांबत गेला,
आणि सत्ताविसाव्या वर्षी लढाईत पडला.

मला मात्र त्या तक्त्यातलं रिकामं आवडलं.
ॲल्युमिनियमच्या खाली कुणीच नव्हतं,
तरी त्याने जागा धरली, नाव दिलं एका-ॲल्युमिनियम.
आपल्या पाढ्यातला एक तिकडे बर्फात पाहुणा गेलेला.
साडेचार-पाच वर्षांत गॅलियम सापडलं.
तळहातावर वितळतं म्हणतात.
आमच्याकडे ते मार्च ते जून
बाटलीतच पातळ होऊन बसलं असतं.

वडिलांच्या वहीतही अशा ओळी असायच्या.
खंडव्याहून फोन आलेला, वाघीण निघालीय,
यार्डात अजून नाही.
ते वरचं लिहीत, खालचं लिहीत,
मधली ओळ कोरी.
यी तो डबा. आज नही ते सकाय.

आता मी दहावीला शिकवते.
तक्ता भिंतीवर, वरचा कोपरा उंदराने खाल्लेला,
नेमका हायड्रोजनचा.
सायरा तडवी विचारते, मॅडम, हा नक्की कुठल्या घरचा?
सोडियमसारखा एक देतो, क्लोरीनसारखा एक घेतो.
मी सांगते, यार्डात एक बाजूचा रूळ असतो,
ज्याचं ठरत नाही त्याच्यासाठी.
तिला पटत नाही. मलाही पूर्ण नाही.

परवा मी ती वही वर्गात नेली.
एकोणऐंशी सालची, शाई तपकिरी पडलेली.
पोरांना सांगितलं, त्या रशियनाचेही सगळे अंदाज खरे नव्हते.
हायड्रोजनहून हलक्या कुणासाठी तरी
म्हातारपणी त्याने जागा राखली होती.
ते आलं नाही. येणारच नव्हतं.

वहीत नऊ मेच्या पानावर एक ओळ कोरीच आहे.
समोर पेन्सिलीने : खंडवा, कोळसा.
खोडलेलं नाही.
सायराने त्यावर बोट ठेवलं.
मग गेली कुठे?

मी काही बोलले नाही.
खिडकीबाहेर, लांब, यार्डात
कुणीतरी डबे जोडत होतं.
एकाचा धक्का दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला,
तो आवाज आमच्या भिंतीपर्यंत येतो.