चेहरा दिसत नाही

ग्रुपचं नाव ‘क्षयमुक्त गाव, अधिकृत’.
अकराच्या आत फोटो टाकायचा,
पेशंट, गोळी, पाण्याचा तांब्या,
तिन्ही एका चौकटीत.
न टाकणाऱ्या आशांची नोंद घेतली जाईल.
खाली सतरा अंगठे.

मालन ऐवळे मणेराजुरीच्या रस्त्याला
बेदाण्याच्या शेडवर दांड्या खुडायला जायची, किलोवर.
खोकला आला तेव्हा म्हणाली,
गंधकाच्या धुरीचा असंल,
समद्याच बायकांना असतोय.
थुंकीची डबी मी नेली तासगावला,
पिशवीत भाकरीपासून लांब धरून.

पंधरा दिवस घरी बसली, मग डॉक्टरच म्हणाले,
आता जा कामाला, कुणाला काही होत नाही.
विसाव्या दिवसाचा फोटो तो.
उंबऱ्यात उभी केली, उजेड चांगला होता.
तोंड उघडं, जिभेवर गोळी,
डोळे माझ्याकडे, म्हणजे मोबाईलकडे.
पाठवला. दोन खुणा, मग निळ्या.

पुढं तो कुठून कसा गेला
हे मला आजही नीट सांगता येत नाही.
आमच्यातल्या एकीची जाऊ शेडवर हिशेब लिहिते,
एवढंच.
संध्याकाळी शेडच्या ग्रुपवर तोच उंबरा, तीच जीभ,
वर बारीक अक्षरांत ‘फॉरवर्ड केलेला’.
मुकादम बाबासोंनी लिहिलं,
माल खायचा आहे, मावशींनी उद्यापासून येऊ नये.
खाली जोडलेले हात. एकानं गुलाबाचं फूल.

मी माझा फोटो सर्वांसाठी हटवला.
सर्वांसाठी म्हणजे आमच्या अठरा जणांसाठी.
तिथं आता एक राखाडी ओळ आहे.
शेडवर तो तसाच.

सकाळी गेले ती शिव्या खायच्या तयारीनं,
डॉक्टरांचं वाक्य वाटभर पाठ करत.
मालन चुलीपुढं. तिचा फोन बटणाचा.
म्हणाली, समद्यांनी बघितला म्हणं.
मला बी दाव की.

गॅलरीत होता.
राखेचं बोट पदराला पुसून
तिनं मोबाईल हातात घेतला,
लांब धरला, जवळ आणला.
‘पदर सरळ नव्हता ग.
सांगायचं हुतंस.’
वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

त्या दिवसापासून फक्त तळहात.
तळहातावर तीन गोळ्या,
मनगटावर पेनानं तारीख.
डॉक्टरांनी लिहिलं, चेहरा दिसत नाही.
मी लिहिलं, खोडलं, लिहिलं, खोडलं.
त्यांना वर दिसत असणार,
टाइप करत आहे, टाइप करत आहे.
शेवटी पाठवलं, हो सर.
दुसऱ्या दिवशी परत तळहात.

माझ्या फोनमध्ये आता तिचे एकशे चाळीस हात आहेत.
सरकवत गेलं की कळतं,
आधी बोटांच्या टोकांना बेदाण्याचा चिकटा,
नखांच्या कडेनं काळं,
मग फिकट,
पन्नासाव्या दिवसापुढं हात इतका स्वच्छ
की बघवत नाही.
ग्रुपवर रोज अंगठे.

सत्याण्णवाव्या दिवशी नखात परत काळं.
मी फोटो बोटांनी ताणून मोठा केला.
विचारलं नाही. तीच म्हणाली,
सावळजच्या पुढं एक शेड हाय,
तिथं कुणाकडं माझा नंबर न्हाई.

पाठवला. अकराला पाच कमी होते.
आणि कुणी काही द्यायच्या आधी
माझ्याच मेसेजला
मीच अंगठा दिला.