चाकं, लिस्बनसाठी

बर्डीवर एका जिन्याखाली
गुणवंत धकाते बॅगा दुरुस्त करतात.
वरून कोणी उतरलं
की बोलता बोलता त्यांची मान आपोआप वाकते.
मी बॅग ठेवली. त्यांनी चाक फिरवलं, कान लावला.
कुठं जाऊन राहिले?
पोर्तुगाल.
मंग हे नाही चालत. हे चाक विमानतळापुरतं.

पोर्तुगालहून आलेली बॅग मी दुरून ओळखतो, ताई.
तिथं रस्त्यावर फरशी नाही, गोटे आहेत,
पांढरे, काळे, एकेक हातानं बसवलेले.
पाहायले रांगोळी, चाकाले करवत.
रबराचं मोठं टाकून देतो, साडेतीनशे.
आणि थेंब पडला की तेच गोटे साबण होतात.
गुळगुळीत तळव्याचे जोडे घरीच ठेवजा.
चढ पण लई. आपल्या नागपूरले चढ म्हणजे
उड्डाणपूल.

जेवायले बसले की न मागता येते,
पाव, ऑलिव्ह, चीजचा तुकडा.
पाहुणचार नाही तो, बिलात लागते.
नको तर हसून परत करजा, राग नाही येत त्यायले.
एका डॉक्टरीणबाईनं सहा दिवस मजेत खाल्लं,
सातव्या दिवशी बिल वाचलं.
हिरवं सूप मागवाल, त्यात सॉसेजची चकती असते.
वेटर चमच्यानं ती काढते
अन् म्हणते, घ्या, झालं शाकाहारी.
पाव मात्र पावच म्हणा, समजते.
शब्द तिकडूनच आला म्हणे. चावी पण.

(हे सांगताना दातांत धरलेला स्क्रू
त्यांनी हातावर घेतला,
जणू तोही कुठून आला ते पाहायला.)

पिवळ्या ट्रामात पर्स पोटाशी.
ब्लेडनं कापलेल्या तीन पर्सा शिवल्या मी,
तिन्ही त्याच एका नंबरच्या ट्रामच्या.
पहाटे बसा, खिडकी पण मिळते.
पाणी नळाचं प्या, बाटलीत पैसे कायले घालता?
सावजी मसाला नेऊ नका असं नाही म्हणत,
पण तीन पिशव्यांत बांधा.
एका पोराच्या बॅगेचं अस्तर
आठ दिवस शिंकवत होतं मले.

तुम्ही कधी गेला होतात? मी विचारलं.

मी?
त्यांनी खण ओढला.
झिपच्या सरकण्या, बिनकुलपाच्या चाव्या,
तळाशी एक निळं पुस्तक.
फोटोत कॉलर कडक. आतली पानं कोरी.
पोरगा होता तिथं, पोर्तोत, हॉटेलात भांडी घासत.
या म्हणाला. व्हिसाचे कागद पण जमवले होते.
परतीच्या तारखेपुढं तीन महिने उरले पाहिजेत पासपोर्टले.
माझे दोन उरत होते.
नवा हातात येईपर्यंत पोरगा जर्मनीले गेला.
आता जर्मनीत, सांगतात, रस्ते सपाट आहेत.

मंग तो नवा?
हाच तो. याचेही दिवस भरत आले.

तुमची तारीख पाहिली का?
मी हो म्हटलं. पाहिली नव्हती.

त्यांनी चाक बसवलं, फिरवलं.
आवाजच नाही.
म्हणाले, सिंत्राले जाजा, लिस्बनहून गाडीनं पाऊण तास.
आपला संत्रा त्याच गावाच्या नावाचा,
एक प्रोफेसर सांगत होते. खरं-खोटं त्यायले माहीत.
तिथं बाजारात संत्री दिसतात का, कशी दिली,
तेवढं पाहून या.
भाव सांगितला की मले कळंल.

पैसे देऊन निघाले.
फुटपाथची एक फरशी वर, दुसरी गायब,
मधे भाजीवालीचं पोतं.
बॅग उड्या मारत मागं येत होती.
जिन्याखालून आवाज आला,
उचलू नका, ओढा!
इथं टिकली
त तिथं टिकते.