बत्तिसावं पाकीट

सीझनचा शेवटचा ट्रक काल वर्धा रोडला लागला.
आता शेडमध्ये वाळ्याचा भुसा,
पत्र्याच्या कातरणी,
आणि भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा:
चार हजार सहाशे अकरा.
अर्धं नागपूर गार करणाऱ्या हिंगण्याच्या या कारखान्यात
चालू कूलर एकच.
तो ऑफिसात, माझ्या पाठीशी.

शेठ म्हणाले, बोनसच्या पाकिटावर एकेक ओळ लिहून टाका मॅडम,
लोकायले बरं वाटते.
मागच्या साली प्रशस्तिपत्रं छापली होती,
सोनेरी किनार, ‘आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल’,
बत्तीस जणांना तीच ओळ.
रुखमाबाई मेश्रामनं दुपारी त्याचा पंखा केला.
सेहेचाळीस डिग्रीत
त्या कागदाचा तेवढाच उपयोग झाला.

म्हणून यंदा रात्री घरी बसले, निळं पेन घेऊन.
रुखमाबाई, मोटारीला नुसता कान लावून तुम्ही सांगता
ती किती दिवसांत जळणार.
डोमा उईके, एप्रिलमध्ये लाइट गेली,
ट्रक दारात उभा,
तू मोबाइलच्या उजेडात अठरा पंप बसवलेस
आणि मी ‘हं’ म्हणाले.
नुसतं हं.
तेही लिहिलं, पाकिटावर.

हात चालत गेला. दीड वाजला.
मग शेवटचं.
यादोराव निखारे, जाळी.

पेन थांबलं.
हजेरी पूर्ण. उशीर नाही. उचल नाही.
टोपी आठवली,
सायकलच्या हँडलला लटकणारा डबा आठवला,
काम आठवेना.
‘प्रामाणिक’, ‘मेहनती’ टोकाशी येऊन उभे राहिले
आणि मलाच कसंतरी झालं.
हे शब्द आपण
न पाहिलेल्या माणसासाठी राखून ठेवतो.

सकाळी जाऊन त्यांच्या टेबलाशी उभी राहिले.
दुरुस्तीला आलेला एक कूलर होता.
तारेचं टोक पकडीत धरायचे,
अर्धा वेढा आत,
मग त्यावरून अंगठा फिरवायचे, डोळे दुसरीकडेच.
पुन्हा पुढचं टोक.
एका जाळीला अशी एकशेचाळीस.

हे कोणी सांगितलं करायला?
“कोणी नाही जी.
घरी माग होता ना आमचा, तांडापेठेत.
काठाचा दोरा आत नाही घेतला
तं लुगडं एका धुण्यात जाते.
अन् इथं तं लेकरं हात घालतात.”

मी तक्रारवही काढली.
गळतो. घरघरतो. वास मारतो.
उशीवर पाणी फेकतो.
पानं उलटत मागे गेले, अकरा वर्षं,
बोट कापल्याची एक नोंद नाही.
जे झालंच नाही
त्याला वहीत रकाना नसतो.

पाकिटावर लिहिलं:
तुम्ही तारेची टोकं आत वळवता.
अकरा वर्षांत आपल्या कूलरनं
कोणाच्या लेकराचं बोट कापलं नाही.

वाटप झालं. त्यांनी पाकीट हातभर लांब धरून वाचलं,
ओठ हलवत. पैसे मोजले नाहीत.
गेटपर्यंत गेले,
सायकल भिंतीला टेकवली, परत आले.

“अकरा नाही मॅडम, बारा.
पहिल्या साली हजेरीवर नाव नव्हतं माझं.”

मी म्हटलं, द्या, नवीन पाकीट लिहिते.
“नाही जी. याच्यावरच करा.”
अकरावर रेघ मारली, वर बारा लिहिलं,
बाजूला सही.
खाडाखोड त्यांनी एकदा निरखून पाहिली
आणि पाकीट बंडीच्या आतल्या खिशात घातलं.

संध्याकाळी ऑफिसातला कूलर
चाकांवर ढकलत शेडमध्ये नेला.
“आता आणला, सीझन संपल्यावर,” कोणीतरी मागून बोललं.
बरोबरच होतं. काय बोलणार?
बटण दाबलं.
रुखमाबाईंनी मान तिरपी केली, ऐकलं,
म्हणाल्या,
तीन दिवस.