पान सतरा, ओळ तीन, शब्द चौथा

जुन्या बाजारातून रविवारी
यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला, साडेतीनशेला.
विकणारा म्हणाला, चालेलच असं नाही.
म्हटलं, माझंही तसंच आहे.

धायरीत, जेवणाच्या टेबलावर,
नवा लॅपटॉप खिडकीपलीकडल्या कारकुनासारखा बोलला:
हा प्रोग्रॅम या यंत्रावर चालत नाही.
कंपॅटिबिलिटी लावली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन पाहिलं.
दोनशे छप्पन्न रंग दे म्हटलं
तर वांगी रंगाचं आभाळ आलं
आणि शिपाई भिंतीत अर्धे रुतून चालू लागले.

मग एम्युलेटर.
म्हणजे नव्या यंत्राच्या पोटात
एक खोटं जुनं यंत्र बसवायचं
आणि बाहेर कुठलं साल आहे
ते त्याला कुणी सांगायचं नाही.

चाललं. पण इतकं भरधाव
की राक्षस दिसायच्या आत आम्ही मेलेलो.
सायकल्स कमी केल्या. आणखी कमी.
मागून रेवती म्हणाली, बाबा,
लोक कॉम्प्युटर फास्ट करायला पैसे देतात.
चार हजारांवर आणल्यावर
शिपाई जेवण झाल्यासारखे चालायला लागले.

पुढे दार. दारावर प्रश्न:
पुस्तिका उघडा. पान सतरा, ओळ तीन, शब्द चौथा.
चोरीची प्रत पकडायची ती युक्ती.
आमची चोरीचीच होती,
पण पुस्तिकेची झेरॉक्स रीतसर,
अप्पा बळवंत चौकातली, पाठपोट, स्पायरलसकट.
शाई उडालीय. चौथ्या शब्दाचं शेपूट तेवढं उरलंय.
शेजारी पेन्सिलीनं, विद्याधरच्या बारीक अक्षरात: कंदील.
माझं इंग्रजी तेव्हा नुकतंच
परांड्याहून एसटीनं उतरलेलं,
म्हणून तो मला शब्द लिहून ठेवायचा.
आज मी कंदिलाचं उलट इंग्रजी केलं.
दार उघडलं.

नावाला सहाच अक्षरं मिळायची.
विद्याधरचा झाला विद्याद, योद्धा.
चंद्रहासचा मी चंद्र, वैदू.
नारायण पेठेतली कॉट बेसिसची खोली,
अर्ध्या-अर्ध्या पैशांचा कॉम्प्युटर,
आणि नऊशे रुपये डिपॉझिटवरून
फेब्रुवारीत झालेलं ते.
मी बॅग उचलली. मे महिन्यात त्यानं
सीपीयू टेम्पोतून पाठवून दिला.
चिठ्ठी नाही. ड्राइव्हमध्ये ही फ्लॉपी,
जी मी चोवीस वर्षं पाहिली नाही.

फाइलची तारीख: चौदा एप्रिल.

म्हणजे मी गेल्यावरही तो खेळत होता.
वैदू मेलेला. नावावर करडी रेघ.
मेलेल्याचं ओझं चाळीस शेर धरतात या खेळात,
बहुतेक लोक त्याला तिथंच टाकतात,
सरायीत नवा वैदू स्वस्तात मिळतो.
त्यानं टाकलं नव्हतं.
चिलखत नाही. ढाल नाही. शिधा शून्य.
सगळं उतरवत, विकत,
तळघराचे पाच मजले चढून
मला देवळाच्या पायरीपर्यंत आणलेलं.
पुजारी दोन हजार मोहरा मागतो.
थैलीत एक हजार सातशे साठ.

झेरॉक्सच्या मागच्या पानावर त्याच्या घरचा नंबर,
कोल्हापूरचा नव्हे, पुण्यातल्या काकांचा, सात आकडी.
त्याच्या आधी दोन लावला,
जुन्या नंबरांनाही काहीतरी लावल्याशिवाय
आता चालता येत नाही.
बाई मराठीत बोलली, मग हिंदीत, मग इंग्रजीत:
तिन्ही भाषांत तो नंबर नाहीच.

रेवती खुर्ची ओढून बसली.
तलवार आहे की त्याच्याकडे, म्हणाली. विका.
तीनशे तरी येतील.
म्हटलं, ती माझी नाही.
पण बाबा, खेळताय तर तुम्हीच ना?

पडद्यावर पुजारी हात पुढे करून उभा आहे,
चौकोनी बोटांचा, न कंटाळता.
कोपऱ्यात लॅपटॉप विचारतोय,
अपडेट आलंय, रात्री रीस्टार्ट करू का.
आज नको, म्हटलं.
उद्याही विचारेल.